समुद्रतळीच्या तोफा

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचे ‘मेरी रोज’ हे लढाऊ जहाज १९ जुलै १५४५ रोजी पोर्टस्मथ बंदराबाहेर फ्रेंच आरमाराशी गाठ पडली असता एका बाजूस कलंडून तोफांसह बुडाले. पुढे ते कोठे पडले आहे याचाही लोकांस विसर पडला. १८३६ साली तेथील कोळ्यांची जाळी तळाशी कशात तरी अडकू लागली, म्हणून त्यांनी जॉन डीन या पाणबुड्यास बोलावले. भावाच्या साहाय्याने सिद्ध केलेले शिरस्त्राण घालून तो उतरला आणि हाती लागली ती एक पंचरशी तोफ! अशा तोफांवरील हेन्रीच्या नावामुळे जहाजाची ओळख पटली.

लोखंडी तोफांची घडण अधिकच कुतूहलाची आहे. लांब लोखंडी पट्ट्या पिंपाच्या फळ्यांप्रमाणे शेजारी शेजारी ठेवून त्यांवर तापविलेली कडी चढवीत. गाडीच्या चाकावर धाव बसविताना पाहिलेल्या वाचकांस ही युक्ती सांगावयास नको. दारूचे घर निराळे असे. ते भरून तोफेच्या मागे पाचरीने ठोकून बसवीत.

डीनने १८४० साली दारूगोळ्याचे स्फोट करून तळ उकरला. बऱ्याच वस्तू लिलावात गेल्या, लाकडाच्या शोभेच्या जिनसा झाल्या. संग्राहकांस हौस होती, हे मान्य. परंतु तोफ कोणत्या मजल्यावर, कोणत्या गाड्यावर होती, हे त्या लिलावात कोणी विकत घेऊ शकत नव्हते. जहाज १९७१ मध्ये पुन्हा सापडले, १९७३ च्या कायद्यान्वये १९७४ मध्ये त्यास संरक्षण मिळाले, आणि मोजमापे घेत उत्खनन झाले. तेव्हा काही तोफा आपापल्या गाड्यांवर, गवाक्षांशी सज्ज अशाच आढळल्या. एकाच मजल्यावर पंचरशी व लोखंडी अशा दोन्ही जातींच्या तोफा होत्या, हेही त्यामुळेच कळले. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी सांगाडा वर आला.

घरी असा गोळा बाळगू इच्छिणाऱ्याने एक गोष्ट ध्यानी घ्यावी. खारे पाणी बिडातील लोखंड खाऊन टाकते आणि मागे हलका काळा सांगाडा तेवढा उरतो. बाहेर काढून तो तसाच वाळू दिला, तर त्यास तडे जातात व पापुद्रे सुटतात. म्हणून संग्रहालयांत अशा वस्तू प्रथम पाण्यातच ठेवतात, आणि त्यांतील क्षार काढण्यास कित्येक महिने, क्वचित वर्षेही लागतात.