कपाटाची किल्ली : शालेय ग्रंथालयांची जागतिक चळवळ आणि आमचे वनजिल्हे

ऑक्टोबर हा आमच्या चांद्यात पुस्तकांचा महिना असतो. १९५६ साली नागपूरच्या दीक्षा समारंभानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर खेड्यापाड्यांतून माणसे येतात आणि परतताना मजुरीच्या पैशातून एखादे पुस्तक विकत घेऊन जातात. १५ ऑक्टोबर हाच २०१५ पासून महाराष्ट्र शासनाचा 'वाचन प्रेरणा दिन' आहे, आणि हाच महिना जगभर शालेय ग्रंथालय महिना म्हणून पाळला जातो. तीन प्रसंग एकाच महिन्यात येतात, पण एकमेकांना ओळखत नाहीत. दीक्षाभूमीवर पुस्तक घेणाऱ्या बाईच्या मुलाला शाळेतले पुस्तक घरी नेता येते काय? हा प्रश्न विचारला की तिन्ही प्रसंग एकमेकांसमोर उभे राहतात.

ग्रंथालयांच्या बाबतीत देशादेशांमधील सहकार्य आपल्याला नवे नाही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळेत शिकलेली अक्षरे पुस्तकांवाचून पुसली जातात, हे त्यांच्या ध्यानात आले होते. म्हणून १९१० साली त्यांनी विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावले. बोर्डेन यांनी मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले, ग्रंथपालांसाठी प्रशिक्षण वर्ग काढला. लाकडी पेट्यांत भरलेली फिरती ग्रंथालये गावोगाव जाऊ लागली. १९१३ साली बोर्डेन परत गेले. त्याच वर्षी बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ग्रंथपालांची पहिली शाळा १८८७ साली निघाली ती याच विद्यापीठात.

तिथल्या ग्रंथालयाने बाबासाहेबांना काय दिले, हे त्यांच्या एका कृतीवरून कळते. सर फिरोजशहा मेहता यांच्या स्मारकासाठी मुंबईत पुतळ्याचा विचार चालू होता. १९१६ साली बाबासाहेबांनी न्यूयॉर्कहून 'बॉम्बे क्रॉनिकल'ला पत्र लिहून पुतळ्याऐवजी सार्वजनिक ग्रंथालय उभारावे असे सुचवले. पंचविशीतला एक अस्पृश्य विद्यार्थी सातासमुद्रापलीकडून मुंबईच्या पुढाऱ्यांना ग्रंथालयाचे मोल सांगत होता.

पण १९१७ साली हाच विद्यार्थी बडोद्यात नोकरीला आला तेव्हा त्याला राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून त्याला दिवस काढावे लागले, आणि शेवटी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्याला तिथूनही बाहेर काढले. ज्या संस्थानात ग्रंथांच्या पेट्या गावोगाव फिरत होत्या, त्याच संस्थानात ग्रंथ वाचणाऱ्याला छप्पर नव्हते. सयाजीरावांचे आणि बोर्डेन यांचे काम यामुळे कमी ठरत नाही. परंतु पुस्तकाची पेटी बैलगाडीतून गावात जाते, आणि गावात ती कोणाच्या ओसरीवर उतरते हे जात ठरवते. हा धडा बडोद्याने आपल्याला तेव्हाच दिला होता.

पुढे ही चळवळ जागतिक झाली. १९४९ साली युनेस्कोने सार्वजनिक ग्रंथालयांचा जाहीरनामा काढला आणि त्याचा प्रयोग म्हणून १९५१ साली दिल्ली पब्लिक लायब्ररी उघडली. १९७१ साली जमैकातील किंग्स्टन येथे शालेय ग्रंथपालांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. गुलामांच्या वंशजांच्या, नऊच वर्षांपूर्वी स्वतंत्र झालेल्या बेटावर ती जन्मली, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. १९९९ साली युनेस्कोने शालेय ग्रंथालयांचा जाहीरनामा मंजूर केला. शाळेतील ग्रंथसेवा मोफत असावी, प्रशिक्षित ग्रंथपाल असावा, आणि वय, वंश, लिंग, धर्म, राष्ट्र, भाषा वा सामाजिक दर्जा यांवरून भेद नसावा, असे त्याचे सार आहे. त्यात जात हा शब्द नाही. 'सामाजिक दर्जा' या मोघम शब्दात ती विरघळून गेली आहे. जगाच्या परिषदेत आपले दुःख आपल्या नावानिशी नोंदले जात नाही, तोवर त्यावरचा उपायही मोघमच राहणार.

आता आमच्या जिल्ह्यांकडे येऊ. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. १९८७ पासून खडू-फळा योजनेतून प्राथमिक शाळांना शैक्षणिक साहित्याबरोबर पुस्तके मिळू लागली. १९९४ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. स्त्रियांची साक्षरता मागे असलेले जिल्हे त्यासाठी निवडले गेले, आणि दुसऱ्या टप्प्यात गडचिरोलीचा नंबर लागला. शाळेला वर्षाला २,००० रुपये आणि प्रत्येक शिक्षकाला साहित्यासाठी ५०० रुपये. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणतात ते आमच्या गावात या रूपाने आले.

मी त्या काळात शाळेत होतो. आमच्या शाळेतले कपाट मुख्याध्यापकांच्या खोलीत होते. काचेतून पुस्तकांची नावे वाचता येत, म्हणून मधल्या सुट्टीत मी तिथे उभा राहून नावेच वाचत असे. तपासणीच्या आदल्या दिवशी ती पुस्तके पुसायला मला बोलावले. पाने एकमेकांना चिकटलेली होती. शेजारी वाचनाची वही उघडी होती. तिच्यात माझ्या नावापुढे तीन पुस्तके चढवलेली! मी एक पुस्तक घरी मागितले, तेव्हा गुरुजी म्हणाले, "हरवलं तर माझ्या पगारातून कापतात, बाबू." ते खोटे बोलत नव्हते. त्या पुस्तकांची नोंद जडसंग्रह वहीत, टेबल-खुर्च्यांच्या रांगेत होती. खुर्ची मोजून जागेवर भरली पाहिजे, तसे पुस्तकही भरले पाहिजे. फाटलेले पुस्तक हा वाचल्याचा पुरावा, पण हिशेबात तो गुन्हा. ज्यांच्या घरात पुस्तक आहे त्यांचे अशा कपाटावाचून अडत नाही. ज्यांच्या पिढ्यांना पुस्तकाचा स्पर्श नाकारला, त्यांच्याच मुलांसाठी हे कुलूप नव्याने जुने काम करते.

कायद्यात उणीव नाही. शिक्षणहक्क कायदा २०१० साली अमलात आला, आणि त्याच्या अनुसूचीने प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावे असे म्हटले. २०१८ च्या समग्र शिक्षा योजनेने शाळांना दरवर्षी ५,००० ते २०,००० रुपये ग्रंथालय अनुदान ठरवले. पैसा पुस्तकासाठी आला, माणसासाठी आला नाही. माध्यमिक शाळेत ग्रंथपालाचे पद विद्यार्थ्यांच्या संख्येवर ठरते, आणि जंगलातल्या विरळ वस्तीच्या शाळेला ती संख्या कधीच गाठता येत नाही. म्हणजे ग्रंथपालाची गरज जिथे सर्वांत जास्त, तिथेच तो नाही.

भाषेचेही तसेच. सोव्हिएत युनियनच्या काळात मॉस्कोहून मराठीत छापलेली सुंदर, स्वस्त बालपुस्तके महाराष्ट्रात येत. १९९१ नंतर ती थांबली. मराठी मुलासाठी मॉस्कोने खिळे जुळवले, पण भामरागडच्या माडिया मुलासाठी मुंबई-पुण्याने काय छापले? अलीकडे गोंडीत गोष्टींची पुस्तके निघू लागली आहेत, तीही थोडी. आपण दलितांनीही याबाबतीत स्वतःला तपासले पाहिजे. आमच्या गावातल्या मराठीने आदिवासी मुलाच्या बोलीला हसण्यात आपलाही आवाज होता.

या जंगलाने देशाला कागद दिला. १९४० च्या दशकात बल्लारपूरला कारखाना निघाला, आणि आमच्या बापजाद्यांनी तोडलेल्या बांबूचा कागद देशभर गेला. त्याचे पुस्तक होऊन ते आमच्या शाळेत परतले तेव्हा कुलपात बसले. पण जंगलाचे कुलूप आता काही ठिकाणी निघाले आहे. २००९ साली गडचिरोलीतील मेंढा-लेखा आणि २०१२ साली चंद्रपुरातील पाचगाव यांना सामूहिक वनहक्क मिळाले, आणि ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागल्या. लाखोंचा हिशेब ठेवणारी ग्रामसभा शंभर पुस्तकांचा हिशेब ठेवू शकत नाही, असे कोण म्हणेल?

म्हणून मागण्या साध्या आहेत. शाळेची पुस्तके जडसंग्रहातून काढा आणि वाचून फाटलेल्या पुस्तकाची वसुली शिक्षकाकडून बंद करा. दोन-तीन गावांच्या शाळा मिळून गावातल्याच एका शिकलेल्या मुलीला मानधनावर ग्रंथपाल नेमा. मुलांच्या बोलीतली पुस्तके घ्या, आणि नसतील तर गावातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकून लिहून घ्या. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात. येत्या बैठकीत त्यांनी एवढाच प्रश्न विचारावा : कपाटाची किल्ली कोणाकडे आहे?