अडून बसलेल्या चाकाची बखर

चिखलदऱ्याच्या नावाची उत्पत्ती सांगताना लोक भीमाला बोलावतात. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकले, म्हणून ही कीचकदरा, आणि कीचकदऱ्याचे झाले चिखलदरा. कथेचे खरेखोटे पंडितांनी पाहावे. दरी मात्र खरी आहे. परतवाड्याहून घाट चढणाऱ्या मोटारवाल्याला तिची आठवण करून द्यावी लागत नाही. त्याचा सारा जीव हातातल्या एका वाटोळ्या चक्रावर टांगलेला असतो. राजांच्या आणि लढायांच्या बखरी पुष्कळ झाल्या. या चक्राची बखर फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचायला कोणाची हरकत नसावी.

या डोंगरावर चाकांनी केलेली एक मोठी चढाई इतिहासात नोंदली गेली आहे. ती १८०३ सालची. नागपूरकर भोसल्यांचा गाविलगड घेण्यासाठी आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांच्या फौजा चालून आल्या. स्टीव्हन्सनने डोंगराला वळसा घालून उत्तरेकडचे लबाडा गाठले. वाट नव्हती, ती शिपायांनीच फोडली, आणि जड तोफा दऱ्याखोऱ्यांतून हातांनी ओढत नेल्या. १५ डिसेंबर १८०३ रोजी किल्ला पडला. त्या तोफगाड्यांना वळवायला चक्र नव्हते. माणसांचे खांदे आणि दोर, हेच त्यांचे सुकाणू.

पुढे १८२३ साली हैदराबाद पलटणीचा कॅप्टन रॉबिन्सन या पठारावर आला आणि चिखलदऱ्याला थंड हवेच्या ठिकाणाचे रूप येऊ लागले. वऱ्हाडातल्या बंडीला किंवा दमणीलाही वळवायचे चक्र कधी लागले नाही. कासरा ओढला की बैल वळतो, आणि बैल वळला की गाडी वळते. वळणे हे जनावराच्या अकलेचे काम होते. मोटारीने जनावर काढून टाकले, तेव्हा त्याची अक्कल कुठे ठेवायची, हा प्रश्न उभा राहिला.

पहिल्या कारागिरांनी त्याचे उत्तर नावेकडून उसने घेतले. १८८६ च्या कार्ल बेंझच्या तीनचाकी गाडीला चक्र नव्हते, उभ्या दांड्यावर एक लहानशी मूठ होती. इतरही पुष्कळ गाड्या होडीच्या सुकाणूसारख्या दांडीने वळत. घोड्याच्या चालीने चालायचे तोवर हे ठीक होते. वेग वाढला, तसा एका खड्ड्याच्या हिसक्याने दांडी हातातून निसटू लागली. १८९४ च्या जुलै महिन्यात पॅरिस ते रुआँ अशी मोटारींची प्रसिद्ध शर्यत झाली. तीत आल्फ्रेड व्हाशेराँ या गृहस्थाने आपल्या पानार गाडीला दांडीऐवजी चक्र बसवले. १८९८ साली त्याच पानार कंपनीच्या आर्थर क्रेब्सने ते चालकाकडे तिरपे कलवले. चार वर्षांतली ही दोन पावले, आणि आजही आपण त्याच बैठकीत गाडी चालवतो.

आता वाचकांनी एक गोष्ट मनाशी विचारून पाहावी. हे चक्र दांड्यावर टिकते कशाने? वरून एकच नट दिसतो. पण सारा भार एकट्या नटावर नसतो. पुष्कळ मोटारींत दांड्याचे टोक किंचित निमुळते असते आणि त्यावर बारीक दाते कापलेले असतात. चक्राच्या मधल्या भोकातही तसाच उतार आणि तसेच दाते. नट आवळला की चक्र त्या उतारावर खाली सरकते आणि पाचर बसावी तसे घट्ट धरते. उतार अगदी थोडा असला, तर नट काढल्यावरही पकड सुटत नाही. बंडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती तापवून फुगवतो, आणि निवल्यावर ती लाकडाला करकचून धरते. तिथे उष्णता जे करते, ते इथे निमुळतेपणा करतो. घट्ट बसणे हा या रचनेचा गुणच आहे. घाटात चक्र सैल झाले तर काय होईल, ते सांगायला नको.

कंपनीने दिलेल्या चक्रावर माणसाचे समाधान झाले असते, तर ही बखर इथेच संपली असती. पण इटलीत एन्रिको नार्दीने लाकडी कड्याची देखणी चक्रे बनवली. १९६४ साली जानपिएरो मोरेत्ती या शर्यतपटूने मोमो नावाचा कारखाना काढला. त्याच वर्षी जगज्जेता ठरलेल्या जॉन सर्टीजच्या फेरारीला मोरेत्तीचेच चक्र होते. मग काय, जगज्जेत्याच्या हातातले चक्र आपल्याही हातात असावे, असे कोणत्या तरुणाला वाटणार नाही? सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी स्थापली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाटींना आणि पद्मिनींना हौशी मालकांनी अशी लहान, जाड कड्यांची चक्रे चढवली. महिंद्रांच्या जीपही त्यातून सुटल्या नाहीत.

या बाजारी चक्राचे दोन भाग असतात. एक चक्र, आणि दुसरा त्याला दांड्याशी जोडणारा तुंबा. मिस्त्री त्याला 'बॉस' म्हणतात. दोन्ही सहसा सहा लहान स्क्रूंनी जोडलेले असतात. मोमोच्या भोकांचे वर्तुळ ७० मिलिमीटरचे, नार्दीचे ७४ चे. म्हणून एकाचे चक्र दुसऱ्याच्या बॉसवर बसत नाही. बॉस पुष्कळदा ॲल्युमिनियमचा आणि दांडा पोलादाचा असतो. खरी गोम इथेच आहे. दोन वेगळ्या धातूंच्या मध्ये ओल शिरली की एक झिजू लागतो. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. ती मूळ धातूहून अधिक जागा व्यापते, आणि फटीत पाचरीवर पाचर बसते. सुमारे ११०० मीटर उंचीवरचे आमचे पठार, जूनपासूनचा पाऊस, खिडकीतून घरात शिरणारे ढग! इथे आगपेटीची काडी पेटत नाही, तर चार पावसाळे उघड्या छपराखाली काढलेल्या जीपचे चक्र अडून बसले, यात नवल ते काय?

अडलेले चक्र दिसले की माणसाच्या अंगात भीम संचारतो. नट पूर्ण काढायचा, दोन्ही हातांनी कडे धरायचे आणि सारे बळ लावून ओढायचे. चक्र निघाले तर ते सरळ तोंडावर येते. दात पडायला दुसरे कारण लागत नाही. निघाले नाही, तर मग घण येतो. परतवाड्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीचे बोल माझ्या कानांत आहेत: "गुरुजी, घन नोका मारू. दमानं घ्या, थे आपोआप निंगते." त्याची रीत अशी. आधी बॅटरीची तार सोडायची. पुढची चाके सरळ करायची. हॉर्नचे बटण काढून दांड्यावर आणि बॉसवर खूण करायची, म्हणजे पुन्हा बसवताना चक्र वाकडे बसत नाही. नट ढिला करायचा, पण चार आट्यांवर तसाच राहू द्यायचा. चक्र एकदम सुटले तरी नट त्याला अडवतो. मग सांध्यात गंज सोडवणारे तेल सोडून रात्रभर थांबायचे.

सकाळी पुलर लावायचा. कंपनीच्या चक्राला पुलरचे बोल्ट बसवायला बहुधा दोन आट्यांची भोके असतात. पुष्कळ बाजारी बॉसना ती नसतात. अशा वेळी सहा स्क्रू काढून वरचे चक्र वेगळे करायचे आणि त्याच सहा भोकांत बोल्ट घालून पुलरची पट्टी बांधायची. बोल्ट समोरासमोर आणि सारखे आवळावे, नाहीतर ॲल्युमिनियमचे आटे उखडतात. मधला बोल्ट पाव पाव फेऱ्याने फिरवायचा आणि थांबायचे. एक 'टक्' असा आवाज होतो, आणि इतका वेळ हट्टाला पेटलेले चक्र हातात येते.

घणाला नकार देण्यामागे अनुभवापलीकडचेही कारण आहे. जुन्या गाड्यांचा दांडा अखंड असे, आणि समोरून धडक बसली की तो चालकाच्या छातीत शिरे. अमेरिकेत १९६७ पासून जनरल मोटर्सने धक्क्याने आपल्यातच मिटणारा दांडा बसवला, आणि पुढच्या वर्षी तिथल्या कायद्याने याबाबतचे नियम लागू केले. असा दांडा जीव वाचवण्यासाठीच नाजूक ठेवलेला असतो. त्याच्या टोकावर घण घातला, तर अपघाताच्या दिवशी मिटायचा तो आजच मिटतो, आणि वरून काही दिसतही नाही. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी हवेची पिशवी सक्तीची झाली, आणि ती याच चक्रात दडलेली असते. असले चक्र काढणे हे घरच्या हौसेचे काम नव्हे, आणि ते बदलून शोभेचे बसवणे म्हणजे ती पिशवीच फेकून देणे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलमही मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. कायद्याचा धाक बाजूला ठेवला, तरी मुलाबाळांना मागे बसवून घाट उतरणाऱ्याने एवढा विचार करावा.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निघून गेली. पण जुनी गाडी घरात जपणारे लोक वऱ्हाडातही आहेत, आणि त्यांतले काही आता उलट वाटेने निघाले आहेत. वडिलांनी हौसेने चढवलेले चक्र उतरवून त्यांना कंपनीचे मूळ चक्र बसवायचे असते. त्यांनी निमुळते टोक स्वच्छ पुसावे, जुनी खूण पाहावी आणि नट कंपनीने सांगितलेल्या मापाने आवळावा. दसऱ्याला याच चक्राला आपण झेंडूची माळ घालतो. पुढच्या दसऱ्याला माळ घालण्याआधी ते दोन्ही हातांनी एकदा हलवून पाहावे. ते जागचे हलता कामा नये.