स्प्रिंकलरचा नियम आणि त्यामागचा सौदा

एखाद्या नियमाचा इतिहास लिहायला घेतला की पहिला मोह तारखांचा होतो. नियम कधी झाला, कोणी केला, पुढे कुठे पसरला. तारखा हव्यातच. पण त्या मांडून झाल्या की स्वतःला विचारा: या नियमाचा खर्च कोणी उचलला, आणि त्याला बदल्यात काय मिळालं?

अमेरिकेतलं एक उदाहरण बघा. अॅरिझोना राज्यातल्या स्कॉट्सडेल शहराने 1985 साली नियम केला: यापुढे बांधलेल्या प्रत्येक घरात, अगदी स्वतंत्र बंगल्यातही, स्प्रिंकलर हवेतच. स्प्रिंकलर म्हणजे छतात बसवलेले, आगीच्या उष्णतेने आपोआप उघडणारे पाण्याचे फवारे. 1 जानेवारी 1986 पासून नियम लागू झाला.

आता खर्चाकडे या. स्प्रिंकलरचे पैसे आधी बिल्डर भरणार आणि शेवटी घर घेणारा. मग बिल्डरांना काय मिळालं? शहराने इतर अटी सैल केल्या. घरांची घनता 4 टक्क्यांनी वाढवता आली, वस्तीतले रस्ते 32 ऐवजी 28 फूट रुंदीचे चालले, हायड्रंट एकमेकांपासून लांब ठेवता आले. म्हणजे आग विझवण्याचा काही भार शहराच्या रस्त्यांवरून आणि जलवाहिन्यांवरून घराच्या छतावर गेला. नियमाचं नुसतं मुख्य कलम वाचलंत तर हा सौदा दिसत नाही. त्यासाठी सवलतींची कलमं वाचावी लागतात.

पंधरा वर्षांनंतरच्या अहवालात आकडे आले: स्प्रिंकलर नसलेल्या घरांतल्या आगींत 13 मृत्यू, स्प्रिंकलर असलेल्या घरांत एकही नाही. आकडे मोलाचे आहेत, पण जपून वापरा. स्प्रिंकलरवाली घरं ही नवी घरं होती. त्यांचं वायरिंगही नवं. मग फरकातला किती वाटा स्प्रिंकलरचा आणि किती घराच्या नवेपणाचा? शिवाय अहवाल या नियमाचा पुरस्कार करणाऱ्यांच्या बाजूने आला होता. म्हणून तो खोटा ठरत नाही, पण तुमच्या प्रबंधात ही गोष्ट लिहिलेली हवी.

यानंतरचा टप्पा जास्त बोलका आहे. घरबांधणीच्या 2009 च्या आदर्श संहितेने एक-दोन कुटुंबांच्या नव्या घरांतही स्प्रिंकलर सक्तीचे केले, 1 जानेवारी 2011 पासून. अशी संहिता राज्याने किंवा शहराने स्वीकारल्याशिवाय कायदा होत नाही. कॅलिफोर्निया आणि मेरीलँडने सक्ती स्वीकारली. बऱ्याच राज्यांनी ती वगळली. काहींनी तर शहरांचा अशी सक्ती करण्याचा अधिकारच काढून घेतला, आधीचे नियम तेवढे राहू दिले. स्कॉट्सडेलचं स्वतःचं राज्य अॅरिझोना त्यातलंच.

माझं वाचन असं: शहर वाटाघाटी करून बदल्यात काही देऊ शकत होतं, कारण रस्ते आणि घनता त्याच्या हातात होती. संहितेच्या हातात देण्यासारखं काही नव्हतं, म्हणून बांधकाम व्यावसायिकांचा विरोध थेट राज्यांच्या विधिमंडळांत पोचला. हे तुम्ही खोडूनही काढू शकता. त्यासाठी शहरांच्या सभांची इतिवृत्तं आणि विधेयकांवरच्या सुनावण्या शेजारी ठेवून वाचाव्या लागतील.

आपल्याकडची एखादी विकास नियंत्रण नियमावली हातात आली, तर तीही अशीच वाचा. सक्तीच्या कलमासमोर सवलतीचं कलम ठेवा. संशोधनाचा प्रश्न बहुतेकदा तिथेच सापडतो.