बिनअंड्याचा, बिनगव्हाचा कपकेक आला कुठून?



ज्वारीच्या पिठाचा चॉकलेट कपकेक म्हटलं की आपल्यातल्या बऱ्याच जणींना ते नव्या पिढीचं खूळ वाटतं. अंडं नको, इथपर्यंत ठीक, ते तर आपलंच. पण मैदा नको, गहू नको, मग केक म्हणायचं तरी कशाला? या प्रश्नाचं उत्तर शोधत मी गेले काही महिने जुन्या गोष्टी वाचते आहे. लक्षात आलं ते असं की, केकमधून एकेक पदार्थ काढून टाकायचं काम दोनशे वर्षांपासून चालू आहे. आणि त्यातलं महत्त्वाचं काम झालं ते कुणाच्या तरी आजारपणामुळे. कधी घरातल्या बायकोच्या, तर कधी दवाखान्यात वाळून चाललेल्या लेकरांच्या.

आधी कपकेकचं पाहू. १७९६ साली अमेरिकेत अमेलिया सिमन्स या बाईंचं पाककृतींचं पुस्तक निघालं. त्यात छोट्या कपांत भाजायच्या हलक्या केकची कृती आहे. पुढे १८२८ मध्ये एलायझा लेस्ली यांच्या पुस्तकात ‘कप केक’ हे नावच आलं. जिन्नस तराजूत तोलण्याऐवजी कपानं मोजायचे, ही त्या काळी मोठी सोय होती. आपण वाटीनं मोजतो, तसंच ते.

त्याच १८२८ साली हॉलंडमध्ये व्हॅन हौटेन यांच्या घराण्यानं कोकोच्या बियांतलं तूप दाबून काढण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. कोकोचं बी जवळजवळ निम्मं तूपच असतं. म्हणून तोवरचं चॉकलेट म्हणजे वर तेलाचा तवंग येणारं एक जड पेय होतं. मेक्सिकोकडचे लोक ते शेकडो वर्षं कडूच पीत. स्पॅनिश लोकांनी ते युरोपात नेलं आणि तिथे त्यात साखर पडली. तूप काढल्यावर मागे राहिलेली ढेप कुटली की कोको पावडर मिळते. ही कोरडी पावडर पिठात सहज मिसळते. आज आपण चार चमचे कोको चाळून घेतो, ते या यंत्रामुळे.

आता अंड्याकडे आणि यीस्टकडे येऊ. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात आल्फ्रेड बर्ड नावाचे एक औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नीला, एलिझाबेथबाईंना, अंडं चालत नसे आणि यीस्टही सोसत नसे. त्यांच्यासाठी बर्ड यांनी १८३७ मध्ये मक्याच्या स्टार्चपासून अंड्याशिवायचं कस्टर्ड केलं. आपल्या फडताळात फ्रूट सॅलडसाठी जी कस्टर्ड पावडर असते, तिची मूळ कल्पना ही. मग १८४३ मध्ये त्यांनी बेकिंग पावडर तयार केली. खायचा सोडा, टार्टारिक आम्ल आणि ओलावा शोषून घेणारा स्टार्च, एवढाच त्यातला मामला. सोडा आणि आम्ल ओले झाले की वायू सुटतो आणि पीठ फुलतं. ना आंबवणं, ना यीस्ट. पुढे क्रिमियाच्या युद्धात इंग्रज सैन्यालाही हीच पावडर पुरवली गेली.

आपल्यापैकी अनेकजणी यीस्टचा पाव घेत नाहीत आणि अंड्याला तर घरात थाराच नाही. त्यांना केक करता येतो तो या पावडरीमुळे. बर्ड यांच्यासमोर अहिंसेचा विचार नव्हता, घरातलं एक माणूस होतं. त्यांनी केलेली सोय मात्र आपल्या व्रताच्या उपयोगी पडली.

राहिला गहू. हे प्रकरण मोठं आहे.

इटलीतल्या बोलोन्या शहरात जाकोपो बेक्कारी हे विद्वान होते. त्यांनी कणीक पाण्याखाली मळून मळून धुतली. पांढरं पाणी निथळून गेलं आणि हातात चिकट, रबरासारखा गोळा उरला. १७४५ मध्ये त्यांचं हे लिखाण प्रसिद्ध झालं. तो चिकट गोळा म्हणजे ग्लूटेन. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढताना आपण पांढरा चीक घेतो आणि चोथा बाजूला करतो. बेक्कारींनी केलं ते साधारण याच जातीचं काम, फक्त त्यांना रस होता तो मागे राहणाऱ्या भागात. (म्हणून कुरडई ग्लूटेनमुक्त झाली असं मात्र समजू नका. चिकात थोडं ग्लूटेन राहतंच.) पोळी लाटताना ताणली जाते आणि पाव जाळीदार होतो, तो या चिकटपणामुळे.

याच ग्लूटेनमुळे काही माणसं आजारी पडतात, हे कळायला आणखी दोनशे वर्षं गेली. लहान मुलांचं पोट फुगतं, हातपाय काटकुळे होतात, जुलाब थांबत नाहीत, वाढ खुंटते. लंडनचे डॉक्टर सॅम्युअल गी यांनी १८८८ मध्ये या दुखण्याचं नीट वर्णन केलं आणि रोग बरा होणार असेल तर आहारानंच होईल, असं मत मांडलं. पण कोणता आहार, ते कळत नव्हतं. १९२४ मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर सिडनी हास अशा मुलांना केळ्यांच्या आहारावर ठेवू लागले. मुलं सुधारत, आणि श्रेय केळ्यांना मिळे. खरं तर त्या आहारात पाव नव्हता, हे त्यामागचं कारण होतं.

हा गुंता सोडवला हॉलंडच्या डॉक्टर विलेम-कारेल डिके यांनी. हेग शहरातल्या मुलांच्या दवाखान्यात ते काम करत. १९३० च्या दशकात एका तरुण आईनं त्यांना सांगितलं होतं की, पाव बंद केला की माझ्या मुलाला बरं वाटतं. डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी मुलांना गव्हाशिवायचा आहार देऊन पाहायला सुरुवात केली. मग आलं युद्ध. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भयंकर उपासमार झाली. पाव मिळेनासा झाला, लोकांनी ट्यूलिपचे कंदसुद्धा शिजवून खाल्ले. सगळा देश अशक्त होत असताना या आजाराची मुलं मात्र सुधारली. पुन्हा पाव मिळू लागला, तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये डिके यांनी आपला प्रबंध सादर केला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत हॉलंड आणि इंग्लंडमधल्या अभ्यासातून गव्हातलं ग्लूटेन हेच कारण, हे पक्कं झालं. गव्हाबरोबर जव आणि राय ही धान्यंही या यादीत आली.

या आजाराला सेलिअ‍ॅक म्हणतात. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीच्या लवेसारख्या बारीक घड्या असतात, अन्नातलं सत्त्व त्याच शोषून घेतात. ग्लूटेन पोटात गेलं की या माणसांचं शरीर स्वतःच त्या घड्यांवर हल्ला करतं आणि त्या सपाट होतात. यावर गोळी नाही, पथ्य एवढाच उपाय, आणि तोही जन्मभर. उत्तर भारतातल्या एका पाहणीत शंभरात साधारण एकाला हा आजार आढळला, म्हणजे तो फक्त गोऱ्यांचा आजार नाही. शंका असेल तर डॉक्टरांकडे जाऊन तपासणी करावी, आणि तपासणी होईपर्यंत गहू आपल्या मनानं बंद करू नये. बंद केला तर तपासणीत आजार लपून राहतो.

माझ्या नणंदेच्या सात वर्षांच्या नातीला हा आजार आहे. समाजाच्या स्नेहभोजनाला ती स्वतःचा डबा घेऊन येते. गेल्या वर्षी पंगतीत एक बाई तिच्या आईला म्हणाल्या, “अगं, एवढं काय? एक घास लाडू खाल्ल्यानं काय होतंय तिला?” त्यांच्या मनात प्रेमच होतं. पण मला राहून राहून वाटलं, एक घास म्हणजे काय हे आपल्याला कुणी सांगायला हवं का? कुणी म्हटलं, “ताई, केकात एकच अंडं आहे, तेही थोडंसं,” तर आपण तो खाऊ का? हॉटेलात कांदा-लसूण नाही ना, जमिनीखालचं काही नाही ना, कढई वेगळी आहे ना, हे आपण तीनतीनदा विचारतो. त्या पोरीची आई तेच विचारते, तर तो नखरा कसा? आपण व्रत घेतो ते मनानं. त्या लेकराला निवड करायलाच मिळाली नाही.

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवूया. गिरणीत आधी गहू दळला असेल तर मागून दळलेल्या ज्वारीत तो मिसळतोच, तेव्हा अशा मुलांसाठी घरघंटीवर दळावं, आणि तीही गव्हासाठी वापरत असलो तर वेगळी व्यवस्था करावी. दुसरं, हिंग. कांदा-लसूण नसल्यानं आपल्या फोडणीत हिंगाचा हात सढळ असतो आणि बाजारच्या बांधणीच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचं पीठ असतं. डबीवरची घटकद्रव्यं वाचा. मी वाणिज्य शाखेची, ताळेबंदातली बारीक अक्षरं वाचायची सवय आहे, ती आता डब्यांवर चालवते. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे ‘ग्लूटेनमुक्त’ छापायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. इतकी थोडी मर्यादा आहे, यावरूनच ‘एक घास’ केवढा मोठा ते कळतं.

आता आपल्या मातीकडे. सोलापूरकडे, मराठवाड्यात रोजचं अन्न ज्वारीची भाकरी, पोळी असायची ती सणाला. माझ्या शाळेच्या दिवसांत १९७२ चा दुष्काळ पडला. तेव्हा रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, तिच्या भाकरीची चव आमच्या पिढीला अजून आठवते. पुढे गव्हाचं पीक वाढलं, रेशनवर गहू आला आणि पोळी रोजची झाली. ज्वारीत ग्लूटेन नसतं, म्हणून तिची भाकरी लाटता येत नाही, थापावी लागते. पीठ जुनं किंवा विरी गेलेलं असेल तर आपल्या आज्या काय करत? उकळीचं पाणी घालत. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो आणि ग्लूटेनचं काम थोडंफार तोच करतो. गव्हाशिवाय पीठ बांधायचं कसं, हे आपल्या चुलीपाशी फार आधीपासून ठाऊक होतं.

आणि राजगिरा? उपवासाचा म्हणून आपण त्याला अगदी घरचा समजतो. मुळात तो अमेरिका खंडातला. मेक्सिकोतले अ‍ॅझटेक लोक कोको पीत आणि राजगिराही खात. म्हणजे राजगिरा आणि कोको एका साच्यात घालतो, तेव्हा आपण दोन जुने शेजारीच एकत्र आणतो.

करताना अडचण एकच. केकला उभं धरतं ते ग्लूटेन आणि अंडं, आणि आपल्याकडे दोन्ही नाहीत. मोठा केक मध्ये खचतो. म्हणून कपकेक बरा, लहान साच्यात मधला भाग लवकर शिजतो आणि बसत नाही.

माझं प्रमाण असं. पाऊण कप ज्वारीचं ताजं बारीक पीठ, पाव कप राजगिऱ्याचं पीठ, पाव कप कोको, एक चहाचा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळा. एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा, ती बुळबुळीत झाली की अंड्याऐवजी तीच. त्यात अर्धा कप ताजं दही, पाव कप तेल आणि अर्धा कप चिरलेला गूळ घालून गूळ विरघळेपर्यंत घोटा. पीठ मिसळा, लागेल तसं दूध घालून भज्यांच्या पिठापेक्षा थोडं सैल करा आणि पंधरा मिनिटं ठेवा, म्हणजे ज्वारी फुगेल. कागदी कप पाऊण भरून १८० अंशांवर १८ ते २० मिनिटं भाजा. आठ होतात. ज्वारीऐवजी बेसन घेऊ नका, दह्याबरोबर ते द्विदल होतं. व्हिनेगरची गरज नाही, आंबटपणा दही देतं.

‘ग्लूटेनमुक्त’ म्हणजे आपोआप पौष्टिक, असं मात्र नाही. बाजारच्या अशा केकांत पुष्कळदा नुसता स्टार्च आणि साखर असते. गूळ झाला तरी तो साखरेचाच भाऊ, मधुमेहींनी बेतानंच खावा. आपल्या केकात फायदा आहे तो सबंध धान्याचा, जवसाचा आणि हात राखून घातलेल्या गोडाचा. आजार नसलेल्यांनी गहू सोडायचं काही कारण नाही.

हे कपकेक दुसऱ्या दिवशी कोरडे पडतात. पण आपण पिठाची मर्यादा पाळणाऱ्या, पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. तेव्हा ताजं करून त्याच दिवशी संपवणं आपल्याला जड नाही. पुढच्या स्नेहभोजनाला एक ताट असं करूया, वेगळ्या डब्यात, वेगळ्या चिमट्यासह. दुपारी भाजा आणि सूर्यास्ताच्या आत सगळ्या मुलांना वाटा. सगळ्यांना एकच मिळाला, की त्या पोरीला डबा उघडावा लागणार नाही.