धरणाखाली कोण राहतं?

विहिरीला पाणी किती, टाकी कधी भरणार, हा हिशोब आपण बायका रोजच करतो. आज अडवलेल्या पाण्याचा दुसरा हिशोब मांडू या. बांध फुटला, तर कोणाचं काय जाईल?

अमेरिकेत साउथ फोर्क नावाचं मातीचं धरण होतं. ते सरकारचं नव्हतं. श्रीमंतांच्या एका क्लबने ते मासेमारी आणि हवापालटासाठी घेतलेलं. तळाचे पाणी सोडायचे पाइप आधीच काढले गेले होते, ते क्लबने पुन्हा बसवले नाहीत. घोडागाडी जावी म्हणून बांधाचा माथा खाली घेतला. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळी लावली. ३१ मे १८८९ रोजी मुसळधार पावसात पाणी माथ्यावरून गेलं आणि बांध फुटला. खालच्या जॉन्सटाऊन शहरात २,२०९ माणसं दगावली. क्लबकडून कोर्टात कोणालाही भरपाई मिळाली नाही.

आज तिथे धरणाची दोन प्रकारे पारख होते. एक, बांधाची तब्येत कशी आहे. दुसरी, तो फुटला तर खाली काय होईल. माणसं मरण्याचा संभव असेल तर ‘उच्च धोका’. जीव जाणार नाहीत, पण नुकसान मोठं होईल, तर मधला वर्ग. बाकीचा ‘कमी’. म्हणजे बांध धडधाकट असला, तरी पायथ्याशी वस्ती असेल तर तो उच्च धोक्याचाच. नवी घरं उभी राहिली की त्याच बांधाचा वर्ग बदलतो.

आपल्याकडे १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि पुण्यात हाहाकार झाला. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यात, २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे धरण फुटलं. खालची भेंदवाडी वाहून गेली, वीसहून अधिक माणसं गेली. धरण गळतंय, ही तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती.

ही दोन्ही धरणं सरकारी. मग खासगी बांधांचं काय? २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करणं मालकावर बंधनकारक केलं. पण तो १५ मीटरहून उंच धरणांना, आणि १० ते १५ मीटरमधल्या काहींनाच लागू आहे. बागेसाठी, फार्महाऊससाठी वहाळावर घातलेला छोटा बांध त्यात बसत नाही. आपल्या श्रीवर्धनच्या पावसात मात्र छोट्या बांधाचं पाणीही खालच्या घरात शिरायला वेळ लावत नाही.

म्हणून मे महिन्यातल्या बैठकीत प्रत्येक गटाने विचारावं: आपल्या वाडीच्या वरच्या अंगाला कोणाचा बांध आहे? सांडवा मोकळा आहे का? बांधावर झाडं, बिळं, भेगा आहेत का? पायथ्याशी गढूळ पाणी झिरपत असेल, तर आतली माती वाहून चालली आहे असं समजावं. मालकाला सांगावं, ग्रामपंचायतीत आणि तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. रात्री कोणत्या उंचवट्यावर जायचं आणि म्हाताऱ्या माणसांना कोण नेणार, हेही त्याच बैठकीत ठरवावं. अडचणीत १०७७ हा जिल्हा आपत्ती कक्षाचा क्रमांक लक्षात ठेवावा.