गळवाच्या वेषांतील वैरी

अकोल्याहून वाशिमकडे जातांना वाटेंत मेडशी लागतें. अशा एखाद्या गांवीं कोणा बाईचा स्तन चार-आठ दिवसांत लाल झाला, सुजला व हातास ऊन लागूं लागला, अशी कल्पना करा. घरांतील वडीलधाऱ्या बायका म्हणतील, गळूं होत असावें, पोटीस बांधा. डॉक्टरहि प्रथम तसेंच म्हणतील; आणि बहुधा तें खरेंहि असेल. परंतु क्वचित् या लालीच्या आड स्तनाच्या कर्करोगाचा अति उग्र प्रकार दडलेला असतो. शंभर स्तनरोगिणींत एक ते पांच जणींस होणारा हा दाहक कर्करोग. तो ओळखावयास शास्त्राला शतकाहून अधिक काळ लागला. त्याचाच हा इतिहास.

१८१४ सालीं चार्ल्स बेल या स्कॉटिश शस्त्रवैद्यानें नोंदून ठेवलें कीं, गांठीवरील त्वचा जांभळी पडून सणका मारूं लागल्या तर तें लक्षण फार अशुभ समजावें. १९२४ सालीं न्यूयॉर्कच्या मेमोरिअल रुग्णालयांतील ली व टॅनेनबॉम यांनीं २८ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध करून हल्लींचें नांव रूढ केलें. कोडें उलगडलें तें सूक्ष्मदर्शकानें. येथें जंतूंचा दाह नसतोच. कर्कपेशी त्वचेंतील लसिकावाहिन्यांत शिरून त्या बुजवितात. रस तुंबतो, आणि त्वचेवर संत्र्याच्या सालीसारख्या बारीक खळ्या पडतात. वऱ्हाडांतील माणसास ही उपमा फोडून सांगावयास नको. हातास गांठ मात्र पुष्कळदां लागतच नाहीं. आणि घरचीं माणसें फसतात तीं येथेंच.

उपचारांचा इतिहास अधिक करुण आहे. त्या काळीं हॅल्स्टेडची पद्धति सर्वमान्य होती : स्तन, त्याखालील स्नायू व काखेंतील गांठी समूळ काढावयाच्या. परंतु या रोगांत जखम भरते न भरते तोंच तो उलटे. १९४३ सालीं हॅगेन्सन व स्टाउट यांनीं येथें शस्त्र चालवूंच नये असा निर्णय दिला. मुंबईस परळ येथें टाटा मेमोरिअल रुग्णालय उघडून तेव्हां दोनच वर्षें झालीं होतीं. आपल्याकडील रुग्णांस कर्करोगासाठींच उभारलेलें घर मिळालें. पण या प्रकारावर उतारा जगांतच कोठें नव्हता. पांच वर्षें जगणाऱ्या स्त्रिया शंभरांत पांचहि नसत.

१९७० च्या दशकांत उपचारांचा क्रम उलटला, तेव्हां चित्र पालटलें. आधीं औषधें, मग शस्त्रक्रिया, शेवटीं किरणोपचार. औषध रक्तावाटे सर्व शरीरांत पोंचून लाली व सूज उतरवितें. मग शस्त्रास निरोगी कड सांपडते. अमेरिकेंतील नोंदींप्रमाणें आतां शंभरांतील सुमारें चाळीस जणी पांच वर्षें पार करतात.

या इतिहासाचें सार एवढेंच. जंतुनाशक औषध घेऊन पाहणें चूक नाहीं. पण आठ-दहा दिवसांत लाली उतरली नाहीं, तर औषधाचा दुसरा फेरा न घेतां त्वचेचा व आंतील भागाचा तुकडा तपासून घ्यावा. अंगावर पाजणारी बाई असली तरी हाच नियम. हा रोग आठवड्यांच्या हिशेबानें वाढतो. मेडशीहून परळ दूर खरें. परंतु अकोल्याचें वैद्यकीय महाविद्यालय तितकें दूर नाहीं, आणि पहिली तपासणी तेथेंच व्हावयास हवी.