तीन मिनिटांची मैफल

गाणें ही मूळची विरून जाणारी वस्तु. काव्य पोथींत राहतें, चित्र भिंतीवर राहतें, शिल्प तर शतकानुशतकें ऊनपाऊस सोशीत उभें असतें. परंतु गवयाच्या कंठांतून निघालेला स्वर ज्या क्षणीं उमटला त्याच क्षणीं मावळावयाचा, हा सृष्टीचा नियम होता. १८७७ सालीं अमेरिकेंत थॉमस एडिसन यानें कथलाच्या वर्खावर आपला आवाज कोरून तो पुन्हां ऐकविला आणि हा नियम मोडला. पुढें दहा वर्षांनीं, १८८७ सालीं, एमिल बर्लिनर यानें नळकांड्याऐवजीं सपाट तबकडीची योजना पुढें आणली. मूळ तबकडीचा धातूचा ठसा घेतला कीं तिच्या हव्या तितक्या प्रती काढतां येऊं लागल्या. छापखान्यामुळें पोथीचें जें झालें, तेंच आतां गाण्याचें व्हावयाचें होतें.

हिंदुस्थानांत हा व्यापार आला तो १९०२ सालीं. त्या वर्षीं ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेडरिक गायस्बर्ग हा कलकत्त्यास उतरला आणि नोव्हेंबर महिन्यांत त्यानें तेथील विख्यात गायिका गौहरजान यांचें गाणें मुद्रित केलें. त्यांच्या जुन्या तबकड्यांत गाणें संपतां संपतां एक चमत्कारिक गोष्ट ऐकूं येते. गौहरजान मोठ्यानें, इंग्रजींत, आपलें नांव उच्चारतात. ऐकणारास ही ऐट वाटावी. परंतु तींत व्यवहाराचा भाग होता. मुद्रित झालेलें गाणें आगबोटीनें जर्मनींतील हॅनोव्हर येथें जाई व तबकड्या तेथें निघत. आपली भाषा न जाणणाऱ्या कारागिरांना कोणत्या तबकडीवर कोणाच्या नांवाची चिठ्ठी लावावयाची हें त्या उच्चारावरून कळे. १९०८ सालीं कलकत्त्यास कारखाना निघाल्यावर ही यातायात संपली. ज्या लाखेच्या मिश्रणाच्या त्या तबकड्या होत, ती लाख मात्र आरंभापासून याच देशांतल्या पळस-कुसुंबाच्या झाडांवरून साऱ्या जगास जात होती.

त्या काळीं गाणें टिपण्याची रीति मोठी कष्टाची होती. ध्वनिक्षेपक नव्हता, वीज नव्हती. गाणाऱ्यानें एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशीं तोंड नेऊन गावयाचें, आणि त्या स्वराच्या जोरावरच सुईनें मेणावर रेघ कोरावयाची. आवाज हलका पडला तर रेघ उमटत नसे आणि फार जोराचा झाला तर ती बिघडे. त्यामुळें मोकळा, टिपेचा, धारदार आवाज यंत्रास मानवे; मंद्र सप्तकांतली कुजबुज त्यास ऐकूंच येत नसे. १९२५ नंतर विजेच्या साह्यानें मुद्रण होऊं लागलें, तेव्हां कोठें हळुवार गळ्यास न्याय मिळूं लागला.

परंतु यंत्राची खरी सक्ती आवाजावर नव्हती. ती वेळेवर होती. दहा इंची तबकडी मिनिटास सुमारें ७८ फेरे घेई आणि तिच्या एका बाजूस तीन-सव्वातीन मिनिटांचें गाणें मावे. ख्यालाचा तर सारा जीव विस्तारांत. एकेका स्वरावर मुक्काम करीत, राग उलगडत, गवई तासभर सहज रमे. तो तास तीन मिनिटांत कसा बसवावा? विलंबित लय बहुधा गळाली आणि मध्य व द्रुत लयींतील चिजांस मान आला. चार आलाप, बंदिशीचें मुख, निवडक ताना आणि सम, असा आटोपशीर बांधा तयार झाला. यांत रागाचा श्वास कोंडला, ही तक्रार खोटी नव्हे. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. तीन मिनिटांत निरर्थक असें कांहींच चालत नाहीं. चांगल्या गवयांनीं त्या अवधींत रागाचें असें नेमकें रूप उभें केलें, कीं त्या तबकड्या पुढें विद्यार्थ्यांना रागाच्या ओळखीसाठीं धड्यांसारख्या उपयोगीं पडल्या.

सगळेच कलावंत कर्ण्यापुढें उभे राहण्यास राजी झाले नाहींत. घराण्याच्या चिजा हें उस्तादांचें धन. तें तबकडींत भरून दिलें तर कोणीही परका चार आण्याची सुई लावून तें लुटून नेईल, ही भीति अनेकांच्या मनांत होती. पहिल्या काळांत पुढें आल्या त्या बहुतांशीं व्यावसायिक गायिका. ज्या समाजानें त्यांच्या कलेचा उपभोग घेतला आणि त्यांना मात्र उंबरठ्याबाहेर ठेविलें, त्याच समाजाच्या माजघरांत त्यांचा आवाज तबकडीच्या रूपानें उजळ माथ्यानें शिरला.

मराठी घरांत या यंत्राबरोबर आलें तें मुख्यतः नाटकाचें गाणें. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें; १९११ सालीं 'मानापमान' व १९१६ सालीं 'स्वयंवर' आलें. थिएटरांत बालगंधर्वांच्या एकेका पदास पुन्हां पुन्हां दाद मिळे आणि रात्र सरून जाई. तेंच पद तबकडीवर थोडक्यांत आटपे. परंतु तें कोंकणांतल्या किंवा वऱ्हाडांतल्या एखाद्या घरांत हवें तेव्हां, हवें तितके वेळां वाजे. मैफलींना जाणें ज्या स्त्रियांस शिष्टसंमत नव्हतें, त्यांच्या कानांवर उत्तम गाणें पडावयाचा मार्ग यानेंच मोकळा झाला.

गुरूच्या दारीं बारा वर्षें राबल्यावांचून जी विद्या ऐकावयासही मिळत नसे, ती आतां बाजाराच्या रस्त्यावर ऐकूं येऊं लागली. शिवपुत्र कोमकळी नांवाचा लहान मुलगा थोरामोठ्यांच्या तबकड्या ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवी. तेच पुढें कुमार गंधर्व झाले. अब्दुल करीमखाँ यांची झिंझोटींतील ठुमरी तबकडीवर ऐकून गाण्याचा ध्यास लागला, असें भीमसेन जोशी सांगत. तबकडीनें गुरूची जागा घेतली नाहीं. गुरूच्या शोधार्थ घराबाहेर पडण्याची ओढ मात्र तिनें लाविली.

याच तीन मिनिटांच्या चौकटीनें एका नव्या प्रकारास जन्म दिला. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' जी. एन. जोशी यांनीं गायिली आणि कवीचा शब्द व गायकाचा स्वर यांचा नवा संसार भावगीताच्या रूपानें मांडला गेला. ख्यालास जी चौकट तुरुंगासारखी होती, ती भावगीतास अंगच्या कपड्यासारखी बसली. १९३१ सालीं बोलपट आला आणि त्याचें गाणेंही याच मापानें बेतलें जाऊं लागलें. १९४८ सालीं अमेरिकेंत एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक वाजणारी तबकडी निघाली आणि कालांतरानें आपल्या देशांतही ख्यालाचा कोंडलेला श्वास मोकळा झाला; गीतानें मात्र आपलें तीन-चार मिनिटांचें माप सोडलें नाहीं. संवय यंत्राहून दीर्घायु ठरली.

शेवटीं एका गुरुशिष्येची कथा सांगण्याजोगी आहे. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँ १९४६ सालीं वारले. त्यांनीं आपला आवाज तबकडीवर कधींच दिला नाहीं. त्यांचें गाणें कसें होतें हें शिष्यांच्या गळ्यावरूनच ताडावें लागतें. त्यांच्या शिष्या, गोमंतकांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर, याही याबाबतींत फार काटेकोर. तरी त्यांनीं मोजक्या तबकड्या दिल्या. त्यांपैकीं सुमारें साडेतीन मिनिटांची एक भैरवी १९७७ सालीं व्हॉयेजर या दोन अंतराळयानांवरील सोनेरी तबकडींत घालण्यांत आली. ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांत तीं यानें निघालीं, आणि त्याच सप्टेंबरच्या १६ तारखेस केसरबाई निवर्तल्या. त्यांतील एक यान २०१२ सालीं सूर्याच्या प्रभावकक्षेबाहेर गेलें. गुरूचा स्वर त्यांच्या पिढीबरोबर मावळला. शिष्येची भैरवी, जेथें ऐकावयास कोणी आहे कीं नाहीं हेंही ठाऊक नाहीं, अशा प्रदेशांत चालली आहे.